बिल न घेता ९ लाख, की बिलासह १०.६२?

प्रश्न थोडक्यात असा: सिडकोतलं जुनं रो-हाऊस, दोन बाथरूम, किचन आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग, शिवाय एक भिंत पाडायची. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, बिल नको असेल तर ९ लाख, ६० टक्के आधी. बिल हवं तर १८ टक्के जीएसटी धरून १०.६२ लाख, सोबत दहा वर्षांची लेखी वॉरंटी. १ लाख ६२ हजार वाचवावेत का?

नाही. पण वॉरंटीवर भाळूनही नाही. ती आधी वाचायला मागा. बहुतेक वेळा तिच्यात फक्त वॉटरप्रूफिंगचं केमिकल फुकट असतं. टाइल्स फोडणं, मजुरी आणि पुन्हा टाइल्स बसवणं तुमच्या माथी, आणि खरा खर्च तोच. शिवाय ती देतंय कोण? कंपनी, की कॉन्ट्रॅक्टर स्वतःच्या लेटरहेडवर?

रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातल्या, पाच वर्षांच्या दोष-दुरुस्तीच्या हमीचा उल्लेख तुम्ही केलाय. ते संरक्षण बिल्डरकडून घर घेणाऱ्यांना आहे, स्वतःच्या घराच्या दुरुस्तीला नाही. तुम्हाला आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा: एवढ्या रकमेची तक्रार जिल्हा आयोगात, तीही कारण घडल्यापासून दोन वर्षांत. तिथे बिल, करार आणि बँकेतून दिलेले पैसे बोलतात. रोखीने दिलेले ५.४ लाख सिद्ध कसे करणार? (वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या कॉन्ट्रॅक्टरला जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, त्याचं साधं सहीचं बिलही चालतं. तुमचा मात्र जीएसटी सांगतोय, म्हणजे नोंदणीकृत असणार.)

माझ्या मते तुमची खरी वॉरंटी म्हणजे तुमच्याच हातात राहिलेले पैसे. आगाऊ १० टक्के, पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांवर. बाथरूममध्ये टाइल्स लावण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवा, खालच्या छताला ओल आली नाही तरच पुढचा हप्ता. आणि मूळ ९ लाखांतले १० टक्के, म्हणजे ९० हजार, पुढचा पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा, तसं करारात लिहून. तो कुरकुरेल, ५ टक्क्यांवर तडजोड करा. त्यालाही तयार नसेल तर त्याच्या दहा वर्षांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

एक भिंत पाडायची म्हणालात. ती भार पेलणारी आहे का, हे मिस्त्रीला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. त्याची फी या बजेटमध्ये आजच धरा.