ऑनलाइन तासाला बारावीचे फिजिक्स कसे पोचवावे?

तुमची अडचण अशी की कोल्हापुरातून व्हिडिओ कॉलवर शिकवता, गगनबावडा-शाहूवाडीकडची मुले गणिते सोडवतात, पण लंबक आणि ध्वनी काही डोक्यात शिरत नाही.

माझे मत : स्लाइड कमी करा, टेबल दाखवा. मोबाईल त्याच मीटिंगला वेगळा जोडा. त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर शिट्टी सुरू होते. मागचा कॅमेरा टेबलाकडे ठेवा आणि मुलांना ते चित्र पिन करायला (पडद्यावर मोठे ठेवायला) सांगा. ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे सरकत असतील तर खिडकीशेजारी या. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो.

नादकाटा वाजवला की मुले म्हणतात, "सर, काहीच ऐकू येईना." एकसुरी आवाज ॲपला पंख्याची घरघर वाटतो आणि ते तो गाळून टाकते. झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू करा, मीटवर नॉइज कॅन्सलेशन बंद करा. मग दोन मोबाईलवर ४४० आणि ४४३ हर्ट्झचे सूर एकदम लावा : सेकंदाला ३ बीट्स (आवाजाचे चढउतार) स्वच्छ मोजता येतात.

लंबक मात्र तुम्ही दाखवूच नका, मुलांना घरी करू द्या. दोऱ्याला एक जड नट (कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात हवा तेवढा मोठा मिळतो), दोरा खिडकीच्या गजाला पक्का बांधलेला, हातात धरलेला नाही. गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत ९९ सेंमी. बाजूला १५ सेंमीपेक्षा जास्त ओढायचा नाही. २० दोलनांना ४० सेकंदांच्या आसपास लागतात आणि g (गुरुत्वत्वरण) साधारण ९.७८ यायला हवा. प्रत्येकाने आपला वेळ चॅटमध्ये टाकायचा. कुणाचे ३८ सेकंद आले, म्हणजे g थेट १०.८, तर त्याने घड्याळ सुरू करतानाच 'एक' म्हटलेय. दोलने झाली १९, भागले २० ने. मोजणी 'शून्य'पासून हवी. हे लगेच सांगू नका; चॅटमधले आकडे बघून मुलांनाच शोधू द्या, खरा तास तिथेच होतो.

तुमच्या चित्रावरून वेळ मोजायला लावू नका, डोंगरातल्या रेंजला चित्र अडखळतेच. मुक्त पतन तर थेट दाखवण्यात अर्थच नाही. १ मीटर पडायला ०.४५ सेकंद, सेकंदाला १५ फ्रेम धरल्या तरी हाती सहा-सात. मागे टेप लावून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये आधीच चित्रित करा, म्हणजे शंभरावर फ्रेम मिळतात. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता व्हिडिओ पाठवला तर तो दाबला जातो आणि टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत.