पाया स्वतः घालताय? आधी एवढं बघा

घराचा पाया दोघं मिळून स्वतःच घालतोय असं तुम्ही लिहिलंय, हे भारीच, जमतं, फक्त खोदायची घाई नको. सगळ्यात जास्त वेळ आखणीला द्या. दोरी बांधली की कोपऱ्यातून एका बाजूला 3 फूट, दुसरीकडे 4 फूट मोजा, तिरकं अंतर बरोबर 5 आलं तर काटकोन, मग पूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले नाहीत तर कुदळ उचलूच नका. लेव्हलला पाण्याची पारदर्शक नळी पुरते, पण नळीत बुडबुडा अडकला असेल तर ती चक्क खोटं बोलते, तो आधी काढा.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- वरच्या भुसभुशीत मातीवरच थांबतात. घट्ट थर लागेपर्यंत खाली जायचं. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिथे इंजिनिअरला एकदा जागा दाखवाच, त्यात काटकसर नको
- काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवतात, ताकद तिथेच जाते
- सळ्या थेट मातीवर ठेवतात, खाली 50 मिमीचे कव्हर ब्लॉक (सळ्या मातीपासून वर धरणारे छोटे ठोकळे) पाहिजेत
- दुसऱ्या दिवशी पाणी मारायला विसरतात, निदान 7 दिवस ओलं ठेवा, ओलं गोणपाट टाकलं की काम हलकं होतं

कॉलम, बीमचं नंतर बघू. आखणी झाली की कर्णांची मापं टाका इथे.