खोऱ्यातल्या गावाचे, रोजच्या गोष्टींचे आणि जुन्या खुणांचे फोटो काढायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की काही महिन्यांपूर्वी एका खोऱ्यातल्या गावात राहायला गेलात, हातात साधा कॅमेरा आहे, पण डोंगर, नदी आणि धुकं यापलीकडे फोटो जात नाहीत, सगळे एकसारखे दिसतात. शिवाय विचारलंय, ‘इथल्या इतिहासाचा फोटो काढायचा म्हणजे नेमका कशाचा?’

मी एका खोऱ्यात अकरा वर्षं हाच उद्योग करतोय. पहिली दोन वर्षं मीसुद्धा धुकंच काढलं. त्यातले बरेच फोटो दिसायला छान आहेत, पण ते जगातल्या कुठल्याही खोऱ्याचे म्हणून खपतील. त्या दोन वर्षांतला लोकांनी माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा मागितलेला फोटो कुठला, माहीत आहे? उजेड तपासायला म्हणून सहज काढलेला. बसथांबा, त्यावरचा सूचनाफलक, टेकून ठेवलेली सायकल आणि मागे एक पत्र्याची शेड. पुढे ती शेड पाडली, थांबा हलवला, आणि त्या कोपऱ्याचा दुसरा फोटो कुणाकडेच निघाला नाही. तो मी तेव्हा पुसून टाकणार होतो.

पुसण्यावरून आठवलं. अमेरिकेत 1935 पासून सरकारी खर्चाने ग्रामीण जीवनाची मोठी छायाचित्र-नोंद झाली. तिचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना एखादी निगेटिव्ह पसंत पडली नाही, की ते काही वेळा तिला चक्क पंचने भोक पाडायचे. त्या निगेटिव्हच्या प्रिंटमध्ये आज कुणाच्या चेहऱ्यावर, कुणाच्या शेतावर काळा ठिपका दिसतो. निवड जरूर करा, पण नापास फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये पडून राहू द्या. काय कामाचं आणि काय बिनकामाचं, हे त्याच दिवशी कळत नाही.

आता सुरुवात. खोरं पालथं घालू नका, आठ-दहा जागा निवडा आणि त्याच जागांवर परत परत जा. पूल, नदीचं वळण, गावात शिरणारा रस्ता, दुकानांची ओळ, शाळेचं फाटक, आणि सगळं खोरं दिसेल अशी उतारावरची एक जागा. वर्षातून चार वेळा प्रत्येक जागेचा एक फोटो, बस. पहिल्या वर्षी कंटाळा येईल. तिसऱ्या वर्षी दोन फोटो शेजारी ठेवाल तेव्हा नवा खांब, बुजलेली पायवाट, रान माजलेलं शेत आपोआप डोळ्यांत भरेल.

मात्र ‘तीच जागा’ म्हणजे खरोखर तीच. अंदाजाने उभं राहून चालत नाही. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू यांची सांगड घाला. समजा विजेच्या खांबाची कड मागच्या घराच्या धुराड्याला नेमकी चिकटलेली दिसतेय. पुढच्या वेळी त्या दोहोंत फट दिसली, तर तुम्ही बाजूला सरकलात. झूम करून हे दुरुस्त होत नाही, पाय हलवावे लागतात. कॅमेऱ्याची उंचीही तीच ठेवा. मी पहिल्या फोटोची छोटी प्रिंट खिशात ठेवतो आणि तिच्याशी ताडून पाहतो.

या पद्धतीने काय हाती लागतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. 1977 ते 1979 या काळात मार्क क्लेट, एलन मँचेस्टर, जोअ‍ॅन व्हर्बर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागात शंभराहून जास्त जुन्या छायाचित्रांच्या जागा शोधून तिथून पुन्हा फोटो घेतले. मूळ छायाचित्रं एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी सर्वेक्षणांची होती. युटामधल्या वेबर खोऱ्यातल्या सुळक्यांचा टिमथी ओसलिव्हन यांनी 1869 मध्ये काढलेला एक फोटो होता. त्याच जागी उभं राहिल्यावर लक्षात आलं, की तो जुळवायचा तर कॅमेरा चांगलाच तिरका धरावा लागतो. ओसलिव्हन यांनी कॅमेरा कलता केला होता, म्हणून उतारावरचे सुळके फोटोत वेगळेच उभे ठाकल्यासारखे दिसत होते. शंभर वर्षं लोक ज्याला जसाच्या तसा पुरावा समजत होते, त्यातही फोटो काढणाऱ्याचा हात होता. हे घरबसल्या कळलं नसतं.

तुमचे फोटो एकसारखे येण्यामागे उजेडाचाही हात असणार. खोऱ्यात सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर बुडतो. मोबाइलवरचं अ‍ॅप सूर्योदयाची जी वेळ सांगतं ती सपाट क्षितिजाची. तुमच्याकडे डोंगराची कड ओलांडून ऊन तळाशी यायला त्यानंतर बराच वेळ लागतो, आणि ऋतूप्रमाणे तो बदलतो. तेव्हा कुठल्या जागेवर ऊन किती वाजता येतं याची तुमची स्वतःची वही करा. एक उतार उन्हात आणि तळ सावलीत असा तास रोज येतो. तेव्हा कॅमेऱ्याला दोन्ही झेपत नाहीत. अशा वेळी उन्हातला भाग पांढराफटक होणार नाही असं उजेडाचं मोजमाप ठेवा, सावलीतला भाग नंतर थोडा उजळता येतो. शक्य असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, न घडवलेली फाइल) काढा. आणि ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. दुकानांच्या पाट्या, दारं, भिंती, माणसांचे चेहरे यांना तोच उजेड मानवतो.

धुकं सोडवत नसेल (माझंही पूर्ण सुटलेलं नाही), तर निदान ते कसं येतं हे समजून घ्या, म्हणजे रोज पहाटे उठावं लागणार नाही. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की उतारावरची हवा गार होते, गार हवा जड म्हणून खाली उतरते आणि तळाशी साचते. तिच्या वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. नदीचा आणि जमिनीचा ओलावा त्यात अडकला की धुकं. म्हणून ते वरून पाहायला मिळतं आणि ऊन तळापर्यंत पोचलं की विरायला लागतं. रात्री ढग असतील किंवा वारा असेल, तर खुशाल झोपा.

आता इतिहास. तो फक्त पडक्या वाड्यात किंवा स्मारकात असतो असं धरून चाललात तर दोन दिवसांत विषय संपेल. मी शोधतो ते सांधे. भिंतीत बुजवलेलं दार, ज्याची चौकट अजून दगडांत ओळखू येते. एकाच भिंतीत दोन तऱ्हेची बांधणी, म्हणजे मध्ये कधीतरी ती पडली किंवा वाढवली. पुलाच्या खांबावर कोरलेलं साल. पुराच्या पाण्याची उंची दाखवणारी रेघ. कुठेच न जाणारा रस्ता, जो पूर्वी कुठेतरी जायचा. मैलाचा दगड, बंद पडलेल्या पाणचक्कीचा चर, दुकानाच्या नव्या पाटीखालून डोकावणारी जुनी अक्षरं. अशा प्रत्येक खुणेचे तीन फोटो घ्या: लांबून, म्हणजे ती कुठे आहे ते कळेल; मध्यम अंतरावरून; आणि अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मोजपट्टी नसली तर नाणं किंवा पेन चालेल, पण काहीतरी ठेवा. नाहीतर दहा वर्षांनी ते कोरीव काम हाताएवढं होतं की दाराएवढं, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

झिजलेली अक्षरं वाचायची युक्ती सोपी आहे. भरदुपारी समोरून पडलेल्या उन्हात दगड सपाट दिसतो. ऊन जेव्हा दगडाला घासून जातं, तेव्हा प्रत्येक खाच स्वतःची सावली पाडते आणि अक्षरं उठून दिसतात. तो तास चुकला तर संध्याकाळी टॉर्च घेऊन जा, तो दगडाच्या एका बाजूला अगदी पृष्ठभागालगत धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. एका बाजूने न दिसलेला अक्षराचा पाय दुसऱ्या बाजूने दिसतो. खडू फासू नका, तेल लावू नका, तारेच्या ब्रशने शेवाळ तर मुळीच खरवडू नका. त्यात अक्षरंच जातात.

माणसांविषयी एक नाव सुचवतो, जेम्स रॅव्हिलियस. इंग्लंडमधल्या उत्तर डेव्हनमध्ये 1972 पासून सुमारे 17 वर्षं त्यांनी एका ग्रामीण टापूचे 70,000 हून अधिक फोटो काढले. ते तिथेच राहत होते. एकच शेतकरी, एकच गल्ली, एकच उतार त्यांच्या फोटोंत पुन्हा पुन्हा भेटतो. कुणी कॅमेऱ्याकडे पाहून ओठ ताणलेले नाहीत, कारण लोकांना त्यांची सवय झाली होती. ही सवय विकत मिळत नाही. माझा अनुभव असा, की पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीत ठेवावा, दुसऱ्या भेटीत विचारून काढावा आणि तिसऱ्या भेटीत प्रिंट नेऊन द्यावी. प्रिंट दिल्यावर दारं उघडतात. कुणी नको म्हटलं तर तिथेच थांबा. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि बंद घरांचे फोटो काढलेत तरी नेमकी जागा जाहीर करू नका.

रॅव्हिलियस यांनी आणखी एक मोलाचं काम केलं. लोकांच्या घरातल्या जुन्या फोटोंच्या प्रती काढून त्यांचा वेगळा संग्रह उभा केला. तुम्हीही हे जरूर करा. मूळ फोटो घरी नेऊ नका, त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर प्रत काढा. फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, कॅमेरा बरोबर वर आणि समांतर धरा, फ्लॅश बंद. चकाकी येत असेल तर खिडकीकडची बाजू बदलून पाहा. आणि पाठीमागची बाजूसुद्धा काढा. बहुतेक वेळा तिथेच नाव, साल किंवा फोटो स्टुडिओचा शिक्का असतो.

नोंदींच्या बाबतीत मी स्वतः शेण खाल्लंय, म्हणून जरा लांबवतो. एका दगडी इमारतीच्या फोटोखाली मी ‘जुना टोलनाका’ असं लिहिलं. दोघांनी तसं सांगितलं होतं, मी धरून चाललो. पुढे जुन्या नकाशात ती पाणचक्कीची कोठी निघाली. मी माझी ओळ दुरुस्त केली, पण तोवर फोटो गावभर फिरला होता. आता नवी मुलं मलाच सांगतात की तो टोलनाका आहे. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोला ऐकलेलं आणि तपासलेलं वेगवेगळं लिहितो: कुणाकडून ऐकलं, कुठल्या कागदात पाहिलं. दुसरी चूक कॅमेऱ्यातल्या घड्याळाची. बॅटरी काढल्यावर तारीख मागे गेली आणि सात महिन्यांचे फोटो चुकीच्या सालात जाऊन बसले. नोंद फाइलच्या आतच, माहितीच्या रकान्यात लिहा, म्हणजे ती फोटोबरोबर राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती गळून पडते, म्हणून जपायची प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर आहे तो पुरे. मोबाइलही चालेल, फक्त त्याची रुंद लेन्स डोंगरांना बुटकं करते आणि समोरचा रस्ता मोठा. खोऱ्याची लांबवरची दृश्यं काढताना थोडं मागे जाऊन दुप्पट झूम वापरा, मग गाव आणि मागची कड एकमेकांजवळ येतात. ट्रायपॉड मात्र घ्या, साधा असला तरी.

पहिली जागा पूलच निवडा. लोक तिथे थांबतात, बोलतात, आणि तुम्ही काय करताय असं आपणहून विचारतात. कठड्याच्या टोकापासून कितव्या पावलावर उभे राहिलात ते पहिल्याच दिवशी वहीत लिहा. मी लिहिलं नव्हतं, त्यामुळे माझ्या पहिल्या वर्षाचे चारही फोटो आज कशाशीच जुळत नाहीत.