देवचाराची चूड की शुक्र?

प्रश्न : बाई, गेल्या आठवड्यात तिन्हीसांजेला हरमलच्या किनाऱ्यावरून समुद्रावर एक लखलखीत गोळा दिसला. जागचा हलत नव्हता. पाऊण तासानं खाली उतरला, लाल-हिरवा लुकलुकला आणि गेला. शेजारी म्हणाले, देवचाराची चूड असेल, म्हणजे गावाच्या राखणदाराची मशाल. चौकीवर सांगावं तर हसतील. साध्या माणसांनी पाहिलेल्या अशा गोष्टींची लष्कर कधी चौकशी करतं का?
— एक वाचक, हरमल, गोवा

उत्तर : करतं. अमेरिकेच्या हवाई दलानं तर वर्षानुवर्षं केली. 'प्रोजेक्ट ब्लू बुक' हे काम १९५२ पासून १९६९ पर्यंत ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरून चाललं. आधीच्या दोन प्रकल्पांची कागदपत्रं धरून एकूण १२,६१८ नोंदी जमल्या. शेतकरी, वैमानिक, गृहिणी, कुणीही कळवावं. बहुतेक नोंदी तारे, ग्रह, उल्का, विमानं, फुगे अशा निघाल्या. ७०१ मात्र अनोळखीच राहिल्या. अनोळखी म्हणजे परग्रहावरून आलेल्या, असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

मला त्यांचा प्रश्नांचा अर्ज फार आवडतो. हात लांब करून धरल्यास ती वस्तू कशाएवढी दिसली असती, टाचणीच्या डोक्याएवढी, वाटाण्याएवढी की नाण्याएवढी? शिवाय चित्र काढून द्यायचं. पाहणाऱ्याला खोटारडा न ठरवता त्याच्या डोळ्यांतून माहिती काढायची ही पद्धत आहे.

ती मोडली की काय होतं, तेही तिथेच दिसलं. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये अनेकांनी दिवे पाहिले. हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी थोड्याच दिवसांत पत्रकारांना सांगितलं की काही दिवे दलदलीतल्या वायूचे असू शकतील. लोक भडकले. तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेत चौकशी मागितली. मला तो राग समजतो. पुढे हायनेकच हवाई दलाच्या वरवरच्या तपासावर उघड टीका करू लागले.

आपल्याकडचं सांगायचं तर २०१२-१३ मध्ये लडाख सीमेवर जवानांना रात्री दिवे दिसत. टेहळणीची यंत्रं असावीत म्हणून तीनशेच्या वर नोंदी झाल्या. लष्करानं बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतले तज्ज्ञ बोलावले. ते निघाले गुरू आणि शुक्र! रात्रंदिवस पहारा देणाऱ्यांची फसगत होते, तर तुमची झाली यात लाज कसली?

माझ्या वडिलांनी केरीला असाच दिवा पाहिला होता. कुठल्याशा कचेरीत सांगायला गेले, तिथल्या माणसानं हसून बाहेर घालवलं. पुढे बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. किती वाजता, कोणत्या दिशेला, किती उंचीवर, काहीच लिहिलेलं नाही. म्हणून तो दिवा काय होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तुमचा गोळा. हात पुढे ताणून मूठ धरा. तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, म्हणजे पाऊण तासात मुठीहून थोडं जास्त. तुमचा गोळा आधी पाण्यापासून साधारण तेवढाच वर होता ना? क्षितिजाजवळच्या जाड हवेतून येताना तेजस्वी ग्रहाचा प्रकाश लाल-हिरवा तुटतो. माझा संशय शुक्रावर आहे. मासेमारीच्या बोटींचे झगझगीत दिवेही दुरून चकवतात, पण ते असे ठरल्या गतीनं मावळत नाहीत.

आज त्याच जागी उभे राहा. माडाच्या शेंड्याची किंवा होडीच्या काठीची खूण धरा, दर दहा मिनिटांनी वहीत लिहा. उद्या, परवा पुन्हा. तो त्याच सुमारास तिथेच आला, तर शुक्र. नाही आला, तर ती वही घेऊन पेडण्याला माझ्या घरी या.