उच्चार एकच, मग स्पेलिंग वेगळं का?

प्रश्न: माझी मुलगी सेमी इंग्लिशला पाचवीत आहे. डिक्टेशनला 'नाईट' म्हटलं की रात्र लिहायची का घोड्यावरचा सरदार तेच तिला कळत नाही, 'टू'चे तर तीन प्रकार. दहा दहा वेळा लिहून रडकुंडीला येते. यामागे काही लॉजिक आहे का नुसती घोकंपट्टीच?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, लॉजिक आहे आणि ते मुलीला गोष्टीसारखं सांगा, घोकंपट्टी बरीच कमी होईल. यातले बरेच शब्द पूर्वी एकसारखे ऐकूच यायचे नाहीत. सरदारवाल्या नाईटच्या सुरवातीचा के जुन्या इंग्रजीत खरंच बोलायचे, मधला जीएच पण घशातून ख सारखा काढायचे, म्हणजे साधारण 'क्निख्ट'. रात्रीच्या नाईटला के कधी नव्हताच. पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास तो के बोलण्यातून गळाला पण लिहिण्यात राहिला, कारण इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ ला लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला त्यानंतर स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली आणि लोकांचं बोलणं मात्र बदलतच राहिलं. भेटण्याचा मीट आणि मांसाचा मीट यांचंही तेच, डबल ई आणि ईए हे तेव्हा दोन वेगळे स्वर होते, नंतर एकच झाले.

दोन या अर्थाच्या टूमधला डब्ल्यू पण असाच जुना. तिला ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन हे शब्द म्हणायला लावा, सगळ्यांत दोनाचा संबंध आहे आणि व ऐकू येतो, मग तो डब्ल्यू ती विसरायची नाही. ऐकायच्या हिअरमधे कान म्हणजे इअर लपलाय, तोही दाखवा. शब्द असे नात्यागोत्यासकट शिकवले की डोक्यात बसतात, जोड्या समोरासमोर ठेवून पाठ करायला लावल्या की उलट जास्त गोंधळ होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि टीचरना नक्की भेटा. असा शब्द डिक्टेशनला एकटा देणं मुलांवर अन्याय आहे, वाक्यातच द्यायला हवा. आपल्याकडे दिन आणि दीन, शिर आणि शीर आहेतच की, बोलताना कुठला ते वाक्यावरूनच कळतं ना. मोबाईलच्या स्पेलचेकवर पण फार विसंबू नका, दोन्ही स्पेलिंगं बरोबरच असल्यामुळे पुष्कळदा तो चुकीच्या जागी आलेला शब्द तसाच सोडून देतो.