लातुरात हार्डवुड कुठं मिळेल? आधी जळाऊ लाकडाच्या वखारीत जा

तुम्ही लातूरहून विचारलंय की कामाचं टेबल आणि चार पाट करायचेत, पण दुकानदार प्लाय नाहीतर पाइन दाखवतात, आणि सागवान मागितलं तर दहा चौकटींचा माल घ्या म्हणतात. मी परभणीत वीसेक वर्षं हौशी सुतारकाम करतो. माझं सरळ मत सांगतो. दुकानं सोडा, जळाऊ लाकडाच्या वखारीत जा आणि बाभूळ मागा.

आपल्याकडं औत, तिफण, वखर, बैलगाडीची चाकं सगळं बाभळीचंच असायचं. आता अवजारं लोखंडाची झाली, बैल कमी झाले आणि तेच ओंडके वीटभट्टीत जातात. वखारीत सकाळी माल उतरतो तेव्हा हजर राहा, कारण दुपारपर्यंत चांगल्या ओंडक्याच्या ढलप्या झालेल्या असतात. सरळ, कमी गाठींचा आणि आतून तांबूस गाभा भरलेला ओंडका निवडा. कडेचं पांढरं लाकूड भुंगा हमखास खातो, ते चिरतानाच काढून टाकायला सांगा. बाभूळ वजनावर मिळते, म्हणजे ओल्या मालात तुम्ही पाण्याचेही पैसे देता, हे घासाघीस करताना बोलून दाखवा. मग ओंडके आरामशीनवर न्या आणि लागेल त्यापेक्षा पाव इंच जाड फळ्या चिरून घ्या.

इथंच मी तोंडघशी पडलोय. एका वखारवाल्यानं ‘वाळलेलं आहे’ म्हणून गळ्यात मारलेल्या फळ्यांचं मी भाद्रपदात टेबल केलं. वैशाखात मधोमध बोट जाईल एवढी भेग! आपल्या उन्हाळ्यात लाकूड जेवढं आकसतं तेवढं कोकणातल्या माणसाला सांगूनही पटणार नाही. तेव्हापासून ओलावा मोजायचं छोटं यंत्र खिशात असतं. आकडा १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय मी रंधा लावत नाही. जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर धरा. फळ्यांची टोकं जुन्या ऑइलपेंटनं बंद करा, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत थर लावा, वर दगड ठेवा. जुने सुतार बाभळीचे ओंडके चिरण्याआधी काही महिने डोहात मुरवायचे, म्हणजे कीड कमी लागायची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावाला हा सल्ला द्यायला मला धीर होत नाही. आणि हो, ओल्या बाभळीला लोखंडी क्लॅम्प लावला की काळा डाग पडतो, मधे कागद घाला.

वर्षभर थांबायचं नसेल तर जुनं लाकूड शोधा. किल्लारीच्या भूकंपानंतर मातीच्या माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर माती टाकलेल्या सपाट छताची, लोकांनी धास्ती घेतली, आणि आजही गावोगाव माळवदं उतरवून स्लॅब टाकले जातात. त्यातल्या तुळया, खांब, चौकटी कित्येक दशकं वाळलेल्या असतात. कुणाचं घर उतरतंय ते गावातल्या गवंड्याला विचारा, भंगारवाल्याच्या आधी पोचलात तर सागवानही परवडतं. मात्र लोहचुंबक फिरवून खिळे काढल्याशिवाय आरामशीनवर नेऊ नका. एका खिळ्यानं पातं गेलं की तो माणूस पुन्हा तुमचं लाकूड हातात घेत नाही.

नव्या सागवानाचं थोडक्यात. किनवट-माहूरकडं सागाचं जंगल आहे, पण वनखात्याच्या लिलावात मोठे लॉट निघतात, ते आपल्या कामाचे नाहीत. वखारीत ‘सीपी’ (म्हणजे जुना मध्य प्रांत, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) म्हणून मिळतं ते बल्लारशा-चंद्रपूरकडचं. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली तिथलंच सागवान गेलं. स्वस्त सांगितलं तर ते बहुधा आफ्रिकेतलं नाहीतर दक्षिण अमेरिकेतलं लागवडीचं असतं. वाईट नसतं, पण भाव त्याचाच द्या. माप गोल ओंडक्याचं की चिरलेल्या मालाचं, हे आधी ठरवा. गोल मापात घेराचा चौथा हिस्सा इंचांत घेऊन त्याचा वर्ग करतात, फुटांतल्या लांबीनं गुणतात आणि १४४ नं भागतात. ४८ इंच घेर आणि १० फूट लांबी म्हणजे १० घनफूट. खरं घनफळ पावणेतेराच्या आसपास भरतं, ती सूट चिरताना जाणाऱ्या मालापोटी. चिरलेल्या मालाला अशी सूट मागितलीत तर लोक हसतील.

शेतातलं झाड कुणी देऊ केलं तर सागवान, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ चा कायदा आहे. सागवान गाडीत घालण्याआधी वाहतुकीचा परवाना पाहा, वखारीतून घेतलं तर पक्की पावती घ्या.

पाटांसाठी बाभूळ जड होईल, त्याला जुन्या चौकटीचं सागवान बरं. टेबलाचे पाय आणि वरची फळी मात्र बाभळीचीच करा. पहिल्या खेपेला एकच ओंडका चिरून आणा आणि उरलेल्या तुकड्यातून स्वतःसाठी एक मुगरी (लाकडी हातोडा) करा. माझी सोळा वर्षं चालतेय, दांडा तेवढा दोनदा बदललाय.