बर्फाळ प्रदेशातल्या उघड्या खाणीत कामगारांना हिमदंशाशिवाय कोणते आजार होतात?

हिमदंश सगळ्यांना आठवतो, पण तिथली रोजची तक्रार म्हणजे कंबर. उत्तर स्वीडनमधली ऐटिक ही तांब्याची उघडी खाण घ्या, आर्क्टिक वृत्ताच्याही वर. अशा ठिकाणी हिवाळ्यात रस्ता गोठून दगडासारखा होतो आणि डंपरचे गचके सीटमधून थेट मणक्यात जातात, तेही पाळीभर.

केबिन गरम असते, त्यामुळे चालकाला थंडी फारशी बोचत नाही. खरी परीक्षा दुरुस्तीवाल्या मेकॅनिकची. गारठलेला लोखंडी पाना, हातात थरथरणारं यंत्र आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या. काही वर्षांनी गारठ्यात बोटं अचानक पांढरीफटक पडू लागतात, बधिर होतात; शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही.

धुळीची भानगड वेगळीच. आपल्याकडे टँकरने पाणी मारतात. उणे २० अंशाला मारलं तर रस्त्याची घसरगुंडीच! त्यात थंड, जड हवा खड्ड्यात बसून राहते, वर उबदार हवेचं झाकण. मग सिलिकाची, म्हणजे दगडातल्या वाळूसारख्या खनिजाची, धूळ आणि डिझेलचा धूर तिथेच घुटमळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवलाय.